पिवळं पाणी हिरवं होईना

नळांवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात मावशी सांडपाण्याच्या टाक्या सांभाळत. काम शिकवताना केमिस्टबाईंनी सांगितलं होतं, "क्रोमियम एकच, पण सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं असलं की पिवळं आणि जहाल. सल्फाइटची पावडर त्याला तीन परत देते, मग ते हिरवं होतं, बरंच निवळतं. चुना टाकला की गाळ होऊन तळाशी बसतं." मावशींना ते चटकन पटलं. घरात पोटभर जेवलेलं माणूस आणि उपाशी माणूस एकच असलं, तरी वागणं निराळंच की!

त्या दुपारी पावडर टाकून अर्धा तास झाला, पाणी पिवळं ते पिवळंच. मावशींनी आणखी एक माप टाकलं. रंग जरा फिकटला, एवढंच. टाकीतलं पाणी भिंतीपलीकडच्या ओढ्यात जायचं आणि ओढ्याच्या काठी धाकट्या बहिणीची विहीर.

सुपरवायझर धावत आला. "टाकी काठोकाठ भरलीय, वर काम थांबलंय. सोडा की पाणी! फिकट तर झालंय."

"फिकट म्हणजे हिरवं नव्हे," म्हणत मावशींनी झडपेला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

त्यांनी केमिस्टबाईंना फोन लावला.

"आम्ल किती आहे? कागद बुडवून बघा. आम्ल कमी असेल तर पावडर कामच करत नाही."

कागद लाल व्हायला हवा होता, तो पिवळसर निघाला. टाकीत आम्ल पुरवणारा पिंप रिकामा होता. पंप नुसती हवा ओढत होता!

नवा पिंप जोडला. गंधकाचा उग्र वास सुटला, तशी मावशींनी मुखपट्टी घट्ट केली. पाणी आधी गढूळलं, मग हळूहळू हिरवं झालं. सुपरवायझरने सुस्कारा सोडला. मावशींच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पिंप संपला कधी? सकाळचं पाणी तर सोडून झालं होतं, आणि हिरवं दिसलं म्हणून त्यांनी थेंबाची तपासणी केलीच नव्हती; हिरव्यात थोडं पिवळं राहिलं तर डोळ्यांना कळत नाही.

सकाळच्या नमुन्याची बाटली त्यांनी कपाटातून काढली. बहिणीला फोन केला, "विहिरीचं पाणी कसंय गं?"

"पाण्यासारखं! का गं ताई?"

"आज पिऊ नकोस. मी कळवते."

नमुन्यात औषधाचा थेंब पडला. जहाल क्रोमियम असलं तर जांभळा रंग चढतो. मावशी श्वास रोखून बघत राहिल्या. एक मिनिट. पाच मिनिटं. रंग चढला नाही. त्यांनी घाईने बहिणीचा नंबर लावला, तोही दोनदा चुकला.

पुढे एकही टाकी त्यांनी नुसता रंग बघून सोडली नाही.