मांजरीला घातलेली माळ

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीतच मागं राहिलं, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन महिना होऊन गेला. येणारे-जाणारे त्यांच्या भजनाचं, त्यांच्या पखवाजाचं बोलतात. मला मात्र त्यांची आणि मनी मांजरीची गोष्ट आठवत राहते, आणि ती बोलायला घरात कुणी नाही, म्हणून लिहिते.

निरोप आला तेव्हा मी तीर्थपुरीजवळ माहेरी होते. आत चुलीवर कोंबडीचं कालवण शिजत होतं आणि मी बाहेरच्या खोलीत एकटीच पिठलं-भाकरी खात बसले होते. माळकरी घरात दिलेली लेक माहेरी अशीच वेगळी जेवते. भाऊ फोन हातात घेऊनच आला आणि म्हणाला, "सुमन, मामा गेले." हात धुतला आणि तशीच निघाले. गाडीत सारखं मनात येत होतं, आता मनीचं कसं व्हायचं... माणूस गेलं आणि ही मांजरीचा विचार करते, म्हणून माझी मलाच लाज वाटली.

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. माळ घातल्याशिवाय आमच्याकडं सुनेनं चुलीला हात लावायचा नसतो. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. मामा कडक नव्हते. गुळाला मुंग्या लागल्या तर काडीनं एकेक मुंगी उचलून बाहेर सोडायचे. त्या दिवशी चहाला उशीर झाला तरी चालायचा.

मनी आमच्या कडब्याच्या गंजीत सापडली, मुठीएवढी. मामांनी तिला दूध-भाकरीवर वाढवलं आणि थोडी मोठी झाल्यावर दोऱ्यात तुळशीचा एक मणी ओवून तिच्या गळ्यात बांधला. त्यांचं म्हणणं असं की सत्ययुगात वाघ-सिंहसुद्धा गवतच खायचे, एका पाणवठ्यावर गाईशेजारी उभे राहून पाणी प्यायचे. माणूस बिघडला, त्याच्या पापानं जनावरं बिघडली. माळेच्या घरात वाढलेलं मांजर पुन्हा मूळच्या वळणावर येईल. फक्त तिला बाहेरचं वळण लागू नये, म्हणून तिला त्यांच्या खोलीत ठेवून दाराला कडी घालायचे. दाण्याच्या खोलीत उंदीर दिवसाढवळ्या पोती कुरतडत फिरायचे आणि आमची मांजर जाळीच्या खिडकीत बसून असायची. अंगणात चिमण्या उतरल्या की तिचे दात आपोआप कटकट वाजायचे. मी भाकरी थापता थापता ते ऐकायची.

शेजारच्या शकीलाभाभींना ह्याची फार गंमत वाटायची. भिंतीवरून म्हणायच्या, "काका, बिल्लीकू भी एकादशी पकडाये क्या?" मामा हसायचे. एकदा त्या गंभीर होऊन म्हणाल्या, की अल्लानं ज्याचं त्याचं रिज्क, म्हणजे वाट्याचं अन्न, ठरवून दिलंय, बिल्लीचं तिला द्या. मामा म्हणाले, देवानं भूक दिली, काय खायचं ते शहाणपण आपण द्यायचं.

माझी अश्विनी अकरावीला सायन्सला आहे. तिनं आजोबांना वेगळंच सांगितलं. पहिले जीव समुद्रात होते, इवलेसे, आणि पुढं ते एकमेकांना गिळायला लागले. जमिनीवर गवत नव्हतंच. पाण्यातून जी चार पायांची जनावरं वर आली तीही मासे-किडे खाणारी होती, पाला खायला त्यांची पिलावळ फार पुढं शिकली. म्हणजे आजोबा, मांस आधी, गवत नंतर. मला वाटलं, आता मामा चिडतील. त्यांनी दाढी खाजवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मंग गवत खाणं शिकता येतं, असंच झालं की."

"आजोबा, त्याला करोडो वर्षं लागली."

"लागू दे. पर पयलं कुणीतरी शिकलंच असंल ना? आपली मनी शिकून राह्यली."

सायन्सनंच त्यांना बळ दिलं आणि कडी आणखी घट्ट झाली.

मग मनी दुधाच्या वाटीवर आदळायला लागली. भर दुपारीही तिची बुबुळं काळीभोर, मोठी दिसायची. मामा तिला टोपलीत घालून भोकरदनला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले, मीही सोबत होते. बाईंनी तिच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं आणि काय खायला घालता ते विचारलं. मग सांगितलं, की डोळ्याला आणि काळजाला लागणारं एक सत्त्व गाईचं शरीर आपलं आपण बनवतं, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, मांसातूनच घ्यावं लागतं. गेलेली नजर येणार नाही. असंच चाललं तर जीवही जाईल. मामांनी विचारलं, "गोळी न्हाई का एखादी?" बाई म्हणाल्या, मागवावी लागेल, पण तुम्ही तिला तिचं खाणं का देत नाही? मामांनी मनीला उचलून टोपलीत ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी जेवण सोडलं. पखवाजावर कापड तसंच राहिलं. गोळी मागवून मांजर पुन्हा कोंडायची, की हातानं मांस आणायचं... त्यांना दोन्हीकडून वाट नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कात्रीनं मनीच्या गळ्यातला दोरा कापला, मणी तुळशीच्या मातीत पुरला आणि भिंतीपाशी गेले. "शकीलाबाई, मनीसाठी जरा..." एवढंच त्यांना बोलता आलं. भाभींनी चेष्टा केली नाही. आत जाऊन कागदात काहीतरी बांधून आणून दिलं.

मनी ज्या आवाजात ते खायला लागली तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मामांची नजर माझ्या गळ्याकडं गेली. म्हणाले, "तुला बी इचारलं न्हवतं म्या. काढायची असंल तर काढ. मी हाय तवर कुणी बोलणार न्हाई."

मी मान खाली घातली. मला वाटलं, सावकाश सांगू. गौरी होऊ देत, अश्विनीची परीक्षा होऊ दे... आणि मामा गेले. त्यांचं ते बोलणं आमच्या दोघांशिवाय कुणी ऐकलेलं नव्हतं.

तेराव्यानंतर ह्यांनी, माझ्या मालकांनी, मनीला उचलून खोलीत ठेवलं आणि कडी घातली. म्हणाले, म्हाताऱ्याचं म्हातारपणी मन हललं होतं, आता घर पुन्हा बराबर माळकरी पाहिजे. मी उठले आणि कडी काढली.

"मनी बाहेर राहील," मी म्हणाले. "मामांनी सोडलीय तिला."

लग्न झाल्यापासून ह्यांच्यापुढं मी असं कधी बोलले नव्हते. ह्यांनी विचारलं, "आणि ते मांस कोण आणणार?"

"मी आणीन."

ह्यांनी पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्याच वेळी माझंही बोलून टाकायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मामांनी मला सोडलं, असं मी कुणाच्या साक्षीनं सांगू? मी मांजरीपुरतं बोलले आणि थांबले.

आता दिवस कलला की भाभी भिंतीवरून पुडी देतात. मी ती फरशीवर सोडते. मनी भिंतीला अंग घासत, अंदाजानं येते. अशा वेळी मामा पाठ फिरवायचे आणि तिच्या खाण्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून मोठ्यानं नाम घ्यायचे. मीही पाठ फिरवते, कारण ह्यांचं लक्ष असतं. पण नाम घेत नाही... उभी राहून ऐकते.