ठकूचं गाऱ्हाणं

ठकू धनगरीण आमच्या दारात आली की 'दूध' असं ओरडत नसे. डोक्यावरची चुंबळ सारखी करत पायरीखाली उभी राहायची आणि घरातून कुणाचा तरी आवाज येण्याची वाट बघायची. मग तो आवाज काहीही म्हणो, तिचं उत्तर ठरलेलं. माझी बायको म्हणे, "ठकू, आज उशीर केलास." "व्हय म्हाराजा!" "दूध पातळ आहे गे." "व्हय म्हाराजा!" एवढं सगळं कबूल करून ती एक थेंबही जास्त घालायची नाही.

आमच्या पेडणे भागातले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवापुढं गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी हातात नारळ घेऊन एकेक वाक्य मोठ्यानं म्हणतो. कुणाचं दुखणं, कुणाचं अडलेलं लग्न, कुणाची हरवलेली गाय. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणायचं नाही. एकाचं मागणं सगळ्या गावाचं होतं ते त्या होकारामुळं. ठकूनं हा देवापुढचा होकार उचलून बाजारात आणला होता. बँकेतला कारकून, सकाळचा पाववाला पदेर, बसचा कंडक्टर, सगळ्यांना ती तोच द्यायची. कारकून एकदा चिडून म्हणाला, "मी काय देव आहे?" ठकू म्हणाली, "नाय म्हाराजा."

ती राहायची सड्यावर, धनगरवाड्यात. पठाराला आम्ही सडा म्हणतो. तिथं पाऊस सरला की गवत आणि कातळ एवढंच उरतं. आता पलीकडं मोपाला विमानं उतरतात आणि म्हशी मान वर करून बघतात. या लोकांना आदिवासी म्हणायचं की नाही, यावर सरकारात वर्षानुवर्षं कागद फिरताहेत. मात्र संशय घ्यायला कुणाला दाखला लागत नाही. ठकू म्हणायची, "भाऊ, सड्यार वारो तेवढो फुकट. बाकी सगळ्याक कोण ना कोण मालक असा."

माझा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायचे. राजाचा अंगरखा, नारदाची वीणा, आणि सगळ्यात जास्त मागणी पोलिसाच्या खाकीला. आमच्या तालुक्यात जत्रेच्या नाटकात कुठंही हवालदार उभा राहिला, तर त्याच्या पोटावरचं बटण माझ्या बायकोनं शिवलेलं असतं. ठकू दूध घालून झालं की दुकानात डोकवायची. खाकी कपडे दोरीवर वाळत असले की त्यांना वाकून नमस्कार करायची आणि म्हणायची, "आज सायेब पातळ झाले!" मला हसू यायचं.

बिरो हा तिचा एकुलता मुलगा. शांत, उंच, म्हशींशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा. एका पावसाळ्यानंतर सड्याखालच्या एका गावात देवळाची फंडपेटी फुटली. त्या दिवशी बिरो त्या बाजूला म्हशी चारत होता, एवढा पुरावा पोलिसांना पुरला. ठाणं कुठलं ते मी लिहीत नाही. त्याला घरातून उचलून नेला. ठकू ठाण्याबाहेर बसून राहिली, सून सगुणा तिच्या शेजारी. आतून आवाज येत होते. ठकूनं मला नंतर एवढंच सांगितलं, "भाऊ, मी तेका जल्म दिलंय. तेचो आवाज माका वळखूक येवचो नाय?"

बिरो परत आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून. त्याला पाणीसुद्धा पोटात ठरेना. इस्पितळात नेला आणि तिथंच तो गेला. कागदावर कसल्याशा आजाराचं नाव आलं. पुढं पेटी फोडणारा सापडला. तो त्याच गावातला, बऱ्या घरातला. त्याच्या वडलांनी पेटी भरून दिली आणि प्रकरण मिटलं. बिऱ्याचं प्रकरण मिटवायलाही काही उरलं नव्हतं, कारण ते कुणी नोंदवूनच घेतलं नव्हतं.

ठकू परत दूध घालायला येऊ लागली. दुधाला सुतक परवडत नाही, म्हशींच्या कासा भरतातच. पहिल्या दिवशी माझ्या बायकोला काय बोलावं सुचेना. मग ती नेहमीसारखंच म्हणाली, "दूध पातळ आहे गे." ठकूनं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि भांड्यात आणखी एक माप ओतलं. बायको आत जाऊन रडली. त्या दिवसानंतर ठकूच्या तोंडून तो होकार आम्ही बरेच दिवस ऐकला नाही.

तिला आता एकच गोष्ट हवी होती. भरपाई नको, शिक्षा करणं तिच्या हातात नव्हतं. ज्या अंमलदारानं बिऱ्याला मारलं, त्याचं नाव एकदा चारचौघांत मोठ्यानं घेतलं जावं आणि माणसांनी त्याला हो म्हणावं. ती गावच्या मानकऱ्याकडं गेली आणि नाव घालून गाऱ्हाणं घाला म्हणाली. मानकरी भला माणूस, पण घाबरला. "गे ठकू, पोलिसाचा नाव घालून गाऱ्हाणा? देवाक कित्याक अडचणीत घालतंस?" त्या वर्षी जत्रेला त्याच अंमलदाराला शाल आणि नारळ देऊन मान दिला. ठकू म्हणाली, "दूद नासला काय आंबट लागता, भाऊ. माणूस नासलो काय गोड बोलूक लागता." हे अंमलदाराविषयी होतं की मानकऱ्याविषयी, ते मी विचारलं नाही. दोघांनाही बसत होतं.

अशात मुंबईहून सिनेमावाले आले. पोलिसांनी आदिवासींवर केलेल्या जुलमाची गोष्ट, राजकारणावर बोट ठेवणारी. डिचोलीकडं एका बंद पडलेल्या खाणीच्या ऑफिसात त्यांनी पोलीस चौकी उभी केली होती. खाकी कपडे माझे. हवालदार आमच्याच नाटकातले गडी. दिग्दर्शक तरुण होता, डोळ्यांत तळमळ होती, खोटं कशाला सांगू. त्याला वाड्यावरची खरी माणसं हवी होती. कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईचा एक प्रसंग होता, त्यासाठी चेहरा शोधत होता. मी ठकूचं नाव घेणार नव्हतो. पण वाड्यावरची माणसं टेंपोत बसली तेव्हा ती आपणहून पुढं बसलेली होती.

मी म्हटलं, "ठकू, हा खेळ आहे. तुला झेपणार नाही."

"नाटक माका कळता, भाऊ. जल्मभर दशावतार बगलंय. तेतूर काय बोलूचा ता कोण लिवन देता?"

ते खरं होतं. दशावतारात बोलणं लिहिलेलं नसतं. नट समोरच्याचं ऐकतो आणि तिथल्या तिथं आपलं उत्तर देतो.

चौकीत भिंतीवर देवाचा फोटो लावलेला होता, खाली उदबत्ती आणि एक नारळ. सजावटवाल्यानं ठेवलेला, पण नारळ खरा होता. टेबलामागं अंमलदार झालेला नट बसला होता, पुण्याकडचा, फार गुणी माणूस. दिग्दर्शक ठकूपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आत यायचं, साहेबांच्या पायांवर पडायचं आणि रडायचं. बोलायचं वाटलं तर मनाला येईल ते बोला." ठकूनं मान हलवली. मी कॅमेऱ्याच्या मागं इस्त्री घेऊन उभा होतो.

ठकू आत आली. साहेबाच्या पायांकडं तिनं बघितलंही नाही. सरळ भिंतीपाशी गेली, नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, सड्याच्या राखणदारा! आज ही ठकू धनगरीण तुझ्या पायांकडे इली असा!"

आणि ती थांबली. गाऱ्हाणं पुरुषानं घालायचं असतं, बाईनं घातलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. मुंबईच्या मंडळींना तर ती का थांबली तेच कळेना. दिग्दर्शकाचा हात अर्धा वर गेला. ठकू नारळ धरून तशीच उभी, होकाराची वाट बघत. त्या क्षणी जर कुणी 'कट' म्हटलं असतं, तर ती बाई तिथंच मेली असती असं मला आजही वाटतं.

दाराशी हवालदाराच्या वेशात आमचा बाबलो उभा होता. वर्षानुवर्षं नाटकात पोलीस होऊन लोकांना हसवणारा. तो माझ्या खाकीत ताठ उभा राहून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"माझो झिल बिरो, म्हशी राखणारो. कोणाच्या काडयेक हात लावक नाय तेणां!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे हवालदार, कोठडीतले कैदी, बाहेर उभी असलेली वाड्यावरची माणसं. माझ्याही तोंडून गेलं. शूटिंगच्या वेळी गप्प राहायचं असतं, हे मी साफ विसरलो होतो.

"तेका घरातसून व्हेल्यानी. बांदून मारल्यानी. पाणी मागलो तर पाणी दिल्यानी नाय!"

"व्हय म्हाराजा!"

मग तिनं नाव घेतलं. हुद्द्यासकट, आडनावासकट. चौकीच्या भिंती लाकडाच्या फळ्यांच्या होत्या, त्या घुमल्या. "मी तेचा मराण मागनय नाय. तेच्याच तोंडान तेका सांगूक लाव, काय केल्यान ता. इतक्याच मागतंय, म्हाराजा!"

शेवटचा होकार झाला तेव्हा कोण रडत नव्हतं ते सांगणं सोपं. एकटी ठकू. तिनं नारळ जागच्या जागी ठेवला, पदर सारखा केला आणि पुण्याच्या त्या नटाला म्हणाली, "तुमका नाय हां, बाबा." तो उठला, डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन एकटाच उभा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, हा प्रसंग जसाच्या तसा राहील. तो मनापासून बोलला होता. टेंपोतून परत येताना माझ्या तोंडून सहज गेलं, "आज उकडतंय फार." मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मी वळून बघितलं. ठकू हसत होती.

सिनेमा पणजीला लागला तेव्हा आम्ही पुन्हा टेंपो केला. सुरुवातीला पडद्यावर पाटी आली. ठकूनं सुनेला विचारलं, "काय लिवलां गे?" सगुणा सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वाचलं, सगळी पात्रं आणि घटना काल्पनिक आहेत. "म्हंजे?" "म्हंजे खरा नाय, आई."

मग तो प्रसंग आला. ठकू आत आली, नारळ उचलला. पडद्यावर तिचा चेहरा एवढा मोठा, प्रत्येक सुरकुती दिसत होती. तोंड उघडलं आणि आतून एका परक्या बाईचं रडणं बाहेर आलं. शिकवलेलं, सुरातलं रडणं. त्याच्यामागं सारंगी. बाबलोचे ओठ हलले, तिथंही सारंगीच. आजूबाजूचे प्रेक्षक डोळे पुसत होते. आमच्या रांगेत कुणी हललं नाही.

ठकू माझ्या कानाशी वाकली. "भाऊ, ही कोण रडता?"

तिनं माझी बाही ओढली.

"माझो आवाज खंय व्हेल्यानी?"

मी दिग्दर्शकाला फोन करून नाही नाही ते बोललो. सगळं ऐकून तो सांगू लागला. वकिलांनी सांगितलं, खऱ्या माणसाचं नाव ठेवलं तर सिनेमाच बाहेर येणार नाही. तो माणूस आता वरच्या जागेवर आहे. बिऱ्याच्या नावावरूनही तो ओळखू आला असता, म्हणून सगळा आवाजच काढावा लागला, आणि आवाज काढला तर काहीतरी घालावं लागलं. शेवटी तोही रडला. मला त्याचा राग धरता आला नाही आणि सोडताही आला नाही. नाव तर मीही इथं लिहिलेलं नाही.

ठकू पुढं दूध घालत राहिली, पण आतून कुणी काही म्हटलं तरी पायरीखालून उत्तर येईना. बायको बाहेर येईपर्यंत ती आलीय हे कळायचंच नाही. मग एका सकाळी दुधाची कासांडी सगुणाच्या डोक्यावर आली. ठकूला ताप होता. थोड्याच दिवसांत सड्यावर कातळाशेजारी, बिऱ्याजवळ तिला माती दिली. विमान उतरत होतं, त्याच्या आवाजात वाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तिच्यासाठी म्हटलेले शब्द कुणाला ऐकू आले नाहीत.

मध्यंतरी मी सहज वाड्यावर गेलो. सगुणा दारात बसून मोबाइल बघत होती. सिनेमातला तो तुकडा आता मोबाइलवर फिरतो. कुणीकुणी लिहितात, काय अभिनय आहे, अंगावर काटा आला. मी म्हटलं, "कशाला बघतेस गे, त्या सारंगीनं जीव जातो." ती म्हणाली, "आवाज बंद करून बगतंय, भाऊ." आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

ठकू आत आली. नारळ उचलला. ओठ हलू लागले, आणि मला सगळं कळत गेलं. बा देवा म्हाराजा. माझो झिल बिरो. ओठ तिचेच होते, ते कुणाला बदलता आले नव्हते. मग ते नाव आलं, हुद्द्यासकट, आडनावासकट, एकेक अक्षर स्पष्ट. सड्यावर वारा होता, बाकी काही आवाज नव्हता.

पडद्यावरच्या ठकूनं वाक्य संपवलं आणि वाट बघत थांबली.

"व्हय म्हाराजा," सगुणा म्हणाली.