मंगलाबाईंची सहाण

सुरतेत पर्वत पाटियाच्या पलीकडे खानदेशातल्या लोकांची एक सोसायटी आहे. तिथे बाळ जन्मलं की त्या घरी आधी पेढे पोचतात की आधी मंगलाबाई, यावर पैज लावावी. मंगलाबाई म्हणजे बाळांना न्हाऊ घालणारी बाई. पाटावर पाय लांब करून बसायच्या आणि बाळ पायांवर पालथं घ्यायच्या. त्यांचा तेलाचा हात फिरायला लागला की घर डोक्यावर घेणारं पोरही घटकाभरात डोळे मिटायचं. आंघोळ झाली की ओवा-लसणाची धुरी, आणि धुरीनंतर घुटी. घुटी उगाळायची सहाण त्यांच्या आईची, अंमळनेरहून आणलेली, घासून घासून मधोमध खोलगट झालेला तो गोल दगड. पिशवीत घालून त्या तो घरोघर न्यायच्या, कारण लोकांच्या सहाणेवर त्यांचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर लोकांच्या कशावरच नव्हता. "जन्म तुम्ही द्या, माणूस मी करते," असं त्या बाळंतिणीला तोंडावर सांगायच्या, आणि बाळंतिणी ऐकून घ्यायच्या, कारण त्यांचे नवरेसुद्धा मंगलाबाईंच्याच पायांवर न्हालेले असायचे.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात नातू जन्मला आणि तो काही केल्या बाळसं धरेना.

त्यांचा मुलगा गोपाल कडोदऱ्याला लूमवर कामाला. सून धनश्री ही त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच मंगलाबाईंनी "ही माझ्या गोपालची" असं सांगून टाकलं होतं. धनश्री सासूला फुई म्हणायची, म्हणजे आत्या. लग्न झालं तरी हाक तीच राहिली. घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम ती करायची. तिला मुलगा झाला, नाव ठेवलं योगराज. नाव राजाचं, पण अंग काही भरेना. दूध पिऊन पिऊन आईला पिळून काढायचा आणि अंगी काही लागायचं नाही. शी तेलकट आणि उग्र वासाची. खोकला सुरू झाला तो जाईचना. मंगलाबाईंनी तेल बदललं, धुरी वाढवली, तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. "फुई, याचा पापा घेतला की तोंड खारट होतं," धनश्री एकदा म्हणाली. "मीठ उतरवते ना मी रोज, मग होणारच," मंगलाबाईंनी निकाल दिला.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी बाळाच्या घामाची तपासणी केली आणि दुखण्याचं नाव सांगितलं: सिस्टिक फायब्रोसिस. अंगातले सगळे पाझर चिकट होतात. कफ छातीत धरून बसतो, अन्न पचवणारा रस आतड्यात उतरत नाही, आणि घामावाटे मीठ निघून जातं. जन्माचं दुखणं आहे, सांभाळावं लागतं. मग त्यांनी विचारलं, "लग्न नात्यातलं आहे का?"

"हो तर! घरातलंच," मंगलाबाई मान ताठ करून म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं की हा दोष एकाच घराण्यात लपून असू शकतो, आईकडून आणि बापाकडून असा दोन्हीकडून आला तरच बाळात उतरतो. दोष कोणाचा, असं त्या बोलल्या नाहीत. तरी त्या दिवशी घरी येईपर्यंत मंगलाबाईंची ताठ मान खालीच राहिली. सोसायटीत हे कोणी ऐकलं असतं तर आधी विश्वासच ठेवला नसता.

त्यानंतर घराची रीतच पालटली. धुरी बंद. खडे चिकटवायच्या गोंदाचा वास छातीला वाईट, म्हणून धनश्रीचं कामही बंद. सुरतेच्या उन्हाळ्यात बाळाला मोजून मीठ-पाणी. वर्षाच्या आत लेकराला मीठ दाखवू नये, हे मंगलाबाई आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. "धुरीशिवाय बाळ म्हणजे फोडणीशिवाय वरण," असं पुटपुटत का होईना, त्यांनी ते ऐकलं. पण पाठीवर थापट्या मारायचं जे होतं, ते काही त्यांना झेपेना. हाताची वाटी करून बाळाच्या छातीवर, पाठीवर, कुशीवर थापट्या द्यायच्या, म्हणजे कफ सुटतो. हॉस्पिटलातल्या नर्स दक्षाबेन यांनी ते करून दाखवलं तेव्हा मंगलाबाई खोलीबाहेर निघून गेल्या. "लेकराला बडवायला मी काय धोबीण आहे?" थापट्या धनश्रीच द्यायची. त्या वेळी मंगलाबाई मोरीत जाऊन नळ सोडून बसायच्या.

एक काम मात्र त्यांनी कोणाला करू दिलं नाही, ते म्हणजे औषध चाटवण्याचं. प्रत्येक दुधाआधी द्यायची एक कॅप्सूल होती. ती उघडायची, आतले खसखशीएवढे दाणे सफरचंदाच्या मऊ गरावर घालायचे आणि चमच्याने चाटवायचे. हे दाणे म्हणजे बाळाच्या पोटात जो पाचक रस उतरत नव्हता, त्याची भरपाई. ते गेले नाहीत तर दूध पाजून न पाजून सारखंच.

पहिल्याच दिवशी दोन दाणे टाळूला चिकटले, योगराजला ठसका लागला आणि मंगलाबाईंनी चमचा खाली ठेवला. अख्खे दाणे दात नसलेल्या लेकराला? अख्खं आत गेलेलं अख्खंच बाहेर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. औषध अंगी लागायचं तर ते आईच्या दुधात उगाळून जिभेवर फिरवावं लागतं. त्यांनी सहाण काढली, दुधाचे थेंब टाकले, दाणे टाकले आणि हळकुंडाच्या टोकाने घोटून लोण्यासारखं मऊ केलं.

"फुई, त्यांनी तसंच द्यायला सांगितलंय," धनश्री म्हणाली.

"तुला बी याच सहाणेवरची घुटी दिली मीच. मेलीस का?"

हॉस्पिटलात 'दाणे उगाळू नका' असं कोणी म्हटलं नव्हतं, कारण दाणे कोणी उगाळेल हे तिथे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. मंगलाबाई मात्र एकही वेळ चुकल्या नाहीत. बाळाच्या पोटात दूध जायच्या आधी त्यांची सहाण धुऊन तयार असायची. त्या प्रेमाने, कष्टाने, नेमाने उगाळत राहिल्या.

योगराज मात्र वाळतच गेला. शी तशीच तेलकट. वर तोंड आलं, जीभ आणि ओठांच्या कडा लाल झाल्या, दूध ओढताना तो कळवळायचा. तपासणीला नेलं तेव्हा वजनाचा काटा खाली आला होता. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. "पुढच्या वेळेपर्यंत वजन वाढलं नाही तर दाखल करून नाकातून नळीने दूध द्यावं लागेल. एवढ्याशा अंगात छातीचा आजार झाला तर झुंजायला बळ नाही," त्या म्हणाल्या. "औषध देता ना वेळेवर?" त्यांनी विचारलं. "देवाशपथ," मंगलाबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

दक्षाबेननी योगराजचं तोंड पाहिलं आणि त्या विचारात पडल्या. "माजी, दूधनो टाइम थयो छे ने? दुधाची वेळ झालीच आहे, तर माझ्यासमोर औषध द्या. कसं देता ते दाखवा."

मंगलाबाईंना हायसं वाटलं. आता तरी या लोकांना कळेल आपण किती जपतो ते. त्यांनी पिशवीतून सहाण काढली, पदराने पुसली, धनश्रीकडून दुधाचे थेंब मागून घेतले आणि दाणे टाकून हळकुंड फिरवायला लागल्या. दक्षाबेननी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"रोज असं करता?"

"रोज. दर वेळी."

दक्षाबेन रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्या खाली बसल्या आणि गुजरातीत, मग हिंदीत, मग मोडक्या मराठीत सांगू लागल्या. प्रत्येक दाण्याला कवच आहे. पोटातल्या आंबट रसात दाणा तगून राहायचा आणि पुढे आतड्यात जाऊन उघडायचा, म्हणून ते कवच. ते घोटून काढलं की औषध पोटातच मेलं. उरलेलं तोंडात लागून तोंडही त्यानेच सोललं.

"म्हणजे इतके दिवस याच्या पोटात..."

"कमी गेलं, माजी. फार कमी."

मंगलाबाईंनी धनश्रीकडे पाहिलं. धनश्री बाळाचं टोपरं नीट करत होती, करतच राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर मंगलाबाईंना बरं वाटलं असतं. आपल्या हाताने आपण नातवाला उपाशी ठेवलं, हे त्यांना स्वच्छ कळलं आणि त्यातून पळायला वाट नव्हती. रिक्षात त्या सहाण मांडीवर घेऊन बसल्या. पिशवीत ठेवायचंही सुचलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी हातच आखडता घेतला. औषध धनश्री द्यायची, थापट्या धनश्री, मीठ-पाणी धनश्री. सोसायटीत शेजारच्या सुषमाची सून बाळंत झाली, बोलावणं आलं, मंगलाबाईंनी कंबर धरल्याचं सांगून पाठवलं. कंबर ठणठणीत होती. गोपाल म्हणाला, "माय, व्हयनं ते व्हयनं. आता सोड." त्या नुसत्या तांदूळ निवडत राहिल्या. ते तांदूळ त्यांनी सकाळीच निवडलेले होते.

असं आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण धनश्रीला सर्दी-ताप आला. घरात कोणाला सर्दी असेल तर त्याने बाळाजवळ जायचं नाही, ही डॉक्टरबाईंची सक्त ताकीद. गोपाल कडोदऱ्याला पाळीवर. योगराजच्या छातीत घरघर वाजत होती आणि दुधाची वेळ झाली होती. धनश्री तोंडाला ओढणी बांधून दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली. दूध तिने वाटीत काढून दिलं होतं.

"फुई, आता तुम्हालाच करायचंय."

"मना हात नको लावाडू त्याले," मंगलाबाई म्हणाल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची.

"मग कोणाचा लावू?"

मंगलाबाई पाटावर बसल्या, पाय लांब केले, बाळ घेतलं.

"दूध पाजायच्या आधी थापट्या," धनश्री उंबऱ्यावरून म्हणाली. "हाताची वाटी करा. नाही, तशी नाही. आवाज पोकळ यायला पाहिजे. आता जोर कमी. बरगड्यांवरच, खाली नको."

"मला शिकवतेस?"

"हो," धनश्री म्हणाली.

सोसायटीतली निम्मी पोरं ज्या हातांखालून गेली, ते हात आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावर चालले. टप, टप, टप. योगराज रडला नाही. त्याने मान वळवून पाहिलं, तो खोकला, तोंडाशी चिकट कफ आला. मंगलाबाईंनी तो फडक्याने टिपला आणि त्यांना रडू फुटलं. पण थापट्या चालू राहिल्या. मग कॅप्सूल उघडली, दाणे गरावर घातले, अख्खेच्या अख्खे चाटवले. बोट फिरवून हिरड्यांशी दाणा राहिला नाही ना ते पाहिलं. एक सापडला. तो पुन्हा गराबरोबर दिला आणि लगेच वाटीतलं दूध.

"गेला?" धनश्रीने विचारलं.

"गेला. अख्खा."

पुढच्या तपासणीला काटा वर सरकला होता. फार नाही, पण नळीचं नाव त्या दिवशी निघालं नाही. डॉक्टरबाई हसल्या. गोपालने खिशातून रुमाल काढला आणि उगाच कपाळ पुसलं. मंगलाबाई मात्र दक्षाबेनना बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या बायकांना औषध सांगाल तेव्हा उगाळू नका हेही सांगा. नुसतं सांगून पटायचं नाही. माझं नाव घेऊन सांगा. पर्वत पाटियाकडची न्हाऊ घालणारी मंगलाबाई उगाळत होती, असं सांगा."

दक्षाबेन म्हणाल्या, "माजी, तुम्हीच का सांगत नाही?"

तेव्हापासून मंगलाबाई तपासणीला जाताना सहाण पिशवीत नेतात, पण उगाळायला नव्हे, दाखवायला. हे दुखणं असलेली बाळं एकमेकांजवळ आणायची नसतात, एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागतात. म्हणून योगराजला धनश्रीपाशी लांबच्या बाकावर ठेवून त्या एकट्याच पलीकडे जातात. परवा तिथे यवतमाळकडची सुंदराबाई बसली होती. तिचा मुलगा इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला, मांडीवर नुकतं निदान झालेली नात. मंगलाबाईंनी सहाण काढून समोर धरली.

"याच्यावर ते दाणे उगाळू नको, बाई."

सुंदराबाईला राग आला. "आम्हाले काय येडं समजता?"

"मी बी येडी नव्हते," मंगलाबाई म्हणाल्या.

सुंदराबाईने सहाणेकडे पाहिलं, मग खोलगट झालेल्या मधल्या भागावर अंगठा फिरवला. ती हळूच म्हणाली, "माह्या घरी हाये अशीच. काल रात्रीच धुऊन ठेवली."

"मग आज घरी गेल्यावर तिला माळ्यावर टाक," मंगलाबाई म्हणाल्या, सहाण पिशवीत घातली आणि साबणाने हात धुवायला नळाकडे गेल्या, कारण योगराजची दुधाची वेळ झाली होती.