बाळ कोणाकडे बघून हसलं

गरोदर बायकांच्या घरी जाऊन पोटातल्या बाळाशी बोलायला शिकवायचं आणि बाळ झालं की त्याच्या वाढीवर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. म्हणून सगळी वस्ती तिला गप्पाताई म्हणायची. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका लाजाळू शिंप्याला तर तिने रोज बायकोच्या पोटाशी बसवून, आज काय काय शिवलं ते बाळाला सांगायला लावलं होतं. बिचारा विजारीचं माप सांगतानाही लाजून चूर व्हायचा.

त्याच शिंप्याच्या घरी आता तिचं काही चालत नव्हतं. बाळ दीड महिन्याचं, छान गुटगुटीत. आई मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली. दूध पाजायची, पण बाळाकडे बघायची नाही. हे मनाचं दुखणं आहे, डॉक्टरांना दाखवा, असं सांगून सांगून गप्पाताईच्या घशाला कोरड पडली. सासू म्हणायची, ही सगळी थेरं आहेत, आम्ही नाही का पोरं वाढवली? शिंपी म्हणायचा, माझ्या आईशी बोलतो. आणि मान खाली घालून मशीन चालवत राहायचा.

त्या दिवशी लंगोट बदलता बदलता ती बाळाशी दोन शब्द बोलली आणि बाळ हसलं. तिच्या डोळ्यांत बघून, तोंडभर. पहिलंच हसू. आई नेमकी तेव्हाच कुशीवर वळली होती. तिने ते पाहिलं.

"गॅस असेल गं," गप्पाताई घाईघाईने म्हणाली. "एवढ्यात कुठलं हसतंय?"

"डोळ्यांत बघून हसलं की ते खरं हसू. तुम्हीच सांगितलं होतं, ताई." आईच्या आवाजात राग नव्हता. "मला ओळखतच नाही ते. तुम्हीच घेऊन जा त्याला."

गप्पाताईने बाळाला आईच्या कुशीत ठेवलं, तर ते मान वळवून गप्पाताईलाच शोधायला लागलं. आपण इथे आहोत तोवर ते आईकडे बघायचं नाही, हे तिला कळून चुकलं. पिशवी उचलून ती बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली.

आत बाळाने हुंकार दिला. थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने. ओ देण्यासाठी तिचा जीव तुटत होता, पण तिने ओठ घट्ट मिटले. आई आता काहीतरी बोलेल म्हणून ती कानात प्राण आणून ऐकत राहिली. आतून फक्त शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता.