मनाला ‘नाही’ कळत नाही म्हणे

१० फेब्रुवारी २००४, मंगळवार. दुपारी उपकेंद्रात सुया उकळत होते.

तेव्हा आमच्याकडे काचेच्याच सिरिंज होत्या. बुधवार हा लसीकरणाचा वार, म्हणून मंगळवारी दुपारी रॉकेलच्या स्टोव्हवर कुकर चढवायचा, वाफ धरली की घड्याळ बघायचं आणि वीस मिनिटं मोजायची. हे काम मी अठरा वर्षं करत होते. त्या दिवशी वीस मिनिटं झाली, मी स्टोव्ह बंद केला, जरा वेळ उभी राहिले आणि पुन्हा काडी ओढली. आणखी वीस मिनिटं.

“सगला रॉकेल संपवाचा हाय काय, बाई?” मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे उपकेंद्राची मदतनीस. त्याच गावची. झाडलोट, पाणी, घरोघरी निरोप ही तिची कामं. मी आरोग्यसेविका. राहायला भिवंडीत आणि उपकेंद्र वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावात, त्यामुळे रोज एसटीनं जाऊन येऊन. रॉकेलचा हिशेब मावशीला चांगला कळायचा. मी दोनदा का उकळत होते, तेही तिला माहीत होतं.

चार आठवड्यांपूर्वी मी एका दीड महिन्याच्या मुलीला त्रिगुणी लसीची पहिली सुई टोचली होती. आठवड्याभरात तिच्या मांडीवर गाठ आली. घरच्यांनी गरम लेप लावला, गाठ पिकली, शेवटी आरोग्य केंद्रात नेऊन पू काढावा लागला. मुलगी बरी झाली. डॉक्टरांना मी सरळ विचारलं, चूक माझी का? ते म्हणाले, “सुई नीट उकळली नसेल, जागा चुकली असेल, नाहीतर घरी चोळलं असेल. तीनपैकी काहीही.” तिन्हींपैकी दोन माझ्या खात्यात होती.

त्यानंतर सुई हातात घेतली की बोटं थरथरायची. पुढच्या बुधवारी दुसऱ्या पाड्यावर सत्र होतं. तिथे शेजारच्या उपकेंद्रातली सेविका मदतीला आली होती, तिच्याकडे सुया दिल्या आणि मी पोलिओचे थेंब पाजत बसले. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच केलं. मग मी अर्ज लिहिला. सुईचं काम काढून घ्यावं, केंद्रावर नोंदवहीचं काम द्यावं. डॉक्टर म्हणाले, “द्या, वर पाठवतो. पण तुमच्या जागी माणूस कधी येईल ते मला विचारू नका. अकरा तारखेला शेजारची बाई येणार नाही. त्या दिवशी सुई तरी धरा, नाहीतर अर्ज तरी द्या.”

अर्ज पिशवीत होता. सही बाकी होती.

याच दिवसांत आम्हाला ठाण्याला एका दिवसाच्या शिबिराला बोलावलं. विषय होता आत्मविश्वास. साठेक सेविका, पंखे बंद, आणि पुढे टाय लावलेले एक सर. ते म्हणाले, मनाशी रोज चांगलं वाक्य बोला, मन ते खरं करतं. फक्त त्या वाक्यात ‘नाही’ हा शब्द नको. मनाला ‘नाही’ कळत नाही. ‘मी घाबरत नाही’ म्हटलं की मन फक्त ‘घाबरत’ एवढंच ऐकतं.

मागून एक बाई उठली. “सर, म्हणजे पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही?”

“अजिबात नाही!”

“सर, तुम्हीच नाही म्हणालात.”

दिवसभरात तेवढंच काय ते हसू आलं. मग सरांनी प्रत्येकीकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. मी लिहिलं, ‘माझा हात स्थिर आहे. मी उत्तम सेविका आहे.’ रोज सकाळी आरशासमोर एकवीस वेळा म्हणायचं.

सांगितलेलं काम करणारी बाई आहे मी. डोस चुकवायचा नाही, या शिस्तीनं मी ते केलं. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना लूम आहेत; पहाटेपासून खडखडाट असतो, घरातल्या घरात ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं. तिसऱ्या सकाळी मी बाराव्या वेळी “मी उत्तम सेविका आहे” म्हणत होते आणि तेवढ्यात लाइट गेली. लूम थांबल्या. गल्लीत माझा एकटीचा आवाज घुमला. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, “भाभी, सुबह सुबह किसको डाँट रही हो?”

लाज गेली तर गेली, खरी अडचण वेगळीच होती. मी “उत्तम सेविका” म्हटलं की आतून लगेच कोणीतरी विचारायचं, आणि त्या पोरीची मांडी? “हात स्थिर आहे” म्हटलं की मी हाताकडे बघायची. एकवीस वेळा म्हणायचं म्हणजे एकवीस वेळा ते ऐकून घ्यायचं. पाचव्या दिवशी मी पहिल्या दिवसापेक्षा जास्त थकले होते. ते वाक्य खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि रोज सकाळी स्वतःशी खोटं बोलून पुन्हा एसटी पकडायची, एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

मंगळवारी त्या कुकरसमोरही मी तेच पुटपुटत होते.

“मंतर हाय काय?” मावशीनं विचारलं.

मी सांगितलं. ‘नाही’ न म्हणण्याचा नियमही सांगितला. मावशी झाडू टेकून उभी राहिली.

“न्हाय बोलाचाच न्हाय? मंग आमी बोलाचा काय?”

मला हसू आलं, कारण तिचं खरं होतं. त्या गावात ‘न्हाय’शिवाय होकारसुद्धा येत नाही. नवीन होते तेव्हा एका बाईला विचारलं होतं, बुधवारी बाळाला आणशील ना? ती म्हणाली, “आननार न्हाय असा न्हाय.” मी भिवंडीची, घाईची. पहिलं ‘न्हाय’ ऐकलं, नकार समजून नाव खोडलं आणि लस मोजून दुसरीकडे नेली. बुधवारी ती बाळ घेऊन दोन तास वाट बघत बसली. पुढच्या वेळी मला सगळ्यांसमोर म्हणाली, “आनते बोलली व्हती ना? कान भिवंडीत ठेवून येताव काय?” तेव्हा कळलं की ही माणसं खात्रीनं ‘हो’ म्हणत नाहीत. सासू अडवेल, ताप येईल, एसटी चुकेल. म्हणून मध्ये दोन ‘न्हाय’ घालून तेवढी जागा ठेवतात. पण येतात.

“तुमी बोला,” मावशी म्हणाली, “सुई चुकनारच असा काय न्हाय.”

“हे काय आत्मविश्वासाचं बोलणं झालं, मावशी?”

“विश्वास कशाला पायजे? सुई टोचाची हाय ना?”

मी स्टोव्ह बंद केला. सुया निवेपर्यंत नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले. वाक्य लिहायचं, मनात म्हणायचं आणि आतून उत्तर आलं तर खोडायचं. ‘मी उत्तम सेविका आहे’ पहिल्यांदा गेलं. ‘मी अनुभवी आहे’ हेही गेलं, कारण ती सुई अनुभवी हातानंच टोचली होती. ‘सुया वीस मिनिटं उकळल्या, घड्याळ मी स्वतः बघितलं.’ यावर उत्तर आलं नाही. ‘मांडीची बाहेरची बाजू, मधला भाग, ही जागा मला ठाऊक आहे.’ यावरही नाही. ‘हात थरथरला तर टोचण्याआधी थांबता येतं.’ याचा मी जरा विचार केला. इतके दिवस मी थरथर थांबवायच्या मागे होते. हात थरथरला तर स्वतः थांबायचं, हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी मावशीचं वाक्य लिहिलं. ‘चुकणारच असं नाही.’ त्यात मागची चूक पुसलेली नव्हती, म्हणून ते टिकलं.

त्यानं उत्साह वगैरे काही आला नाही. अंग दुखत होतं तसंच दुखत होतं. फक्त आतलं भांडण थांबलं, आणि भांडणात जाणारा दम वाचला. पुढे नव्या सेविकांना मी एवढंच सांगत आले. मनाला जे पटत नाही ते त्याला रोज सांगू नका. लहान बोला, पण खरं बोला.

घरी गेले, जेवले, झोपले. झोप बरी लागली असं म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचा डबा आणि लसी घेऊन नेहमीच्या एसटीनं गेले. त्या दिवशी गाठ आलेल्या त्या मुलीच्याच पाड्यावर सत्र होतं, आणि तिच्या दुसऱ्या डोसची तारीखही तीच होती. ते लोक सत्राला येणार नाहीत हे उघड होतं. मी मावशीला म्हटलं, आधी त्यांच्या घरी जाऊ. अंगणात मुलीची आजी तांदूळ पाखडत होती.

“आलात?” ती म्हणाली. “एक मांडी राहिली म्हनून?”

“हो. उजवी राहिली आहे,” मी म्हटलं. “डाव्या मांडीत टोचणार नाही.”

मुलीची आई दारात आली. ती आजीकडे बघत होती, आजी माझ्याकडे. शेवटी आजीनं सूप खाली ठेवलं, नातीला मांडीवर घेतलं आणि दुपटं बाजूला केलं.

मी लस भरली. हात थरथरत होता. आजीनं ते बघितलं.

“हात हालतंय तुमचा.”

“हो. जरा थांबते.”

मी सिरिंज धरून तशीच बसले. कोंबड्या पाखडलेल्या तांदळाकडे सरकल्या, मावशीनं त्यांना हाकललं. दोन मिनिटं गेली असतील. थरथर पूर्ण गेली नाही, पण कमी झाली. मी जागा चिमटीत धरली, टोचलं, सुई काढली, कापूस दाबला. मुलगी खणखणीत रडली.

“आता गाठ येनार काय?” आजीनं विचारलं.

“येऊ शकते. आली तर लेप लावायचा नाही, चोळायचं नाही, मला निरोप द्यायचा. शनिवारी मी येऊन बघते.”

“नुसत्या बोलू नका. या.”

“येते.”

मी कार्डावर तारीख घातली, आईला पुढच्या डोसचा दिवस दोनदा सांगितला आणि तिच्याकडून तो म्हणवून घेतला. मग डबा उचलून आम्ही सत्राच्या ओट्यावर गेलो. तिथे चार बायका बाळं घेऊन बसल्या होत्या आणि उशीर झाला म्हणून कुरकुरत होत्या. मी हात धुतले, चिमट्यानं दुसरी सुई काढली आणि पहिलीला म्हटलं, “पुढे ये. पाय घट्ट धर त्याचा.”