पुंजाजी आणि डाकबंगल्याची भोकं

पुंजाजी उकंडराव सुतार, राहणार रिसोड, वय अंदाजे पंचेचाळीस, वर्तणूक चांगली, सरकारी इमारतींच्या लाकूडकामास मंजूर. ओळखीची खूण : झुबकेदार मिशी.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात या इसमाला वाशीमजवळच्या मालेगावकडच्या एका डाकबंगल्याचं बोलावणं आलं. दिवाणखान्याच्या भिंतींना सागवानी फळ्या ठोकलेल्या होत्या. गोऱ्या साहेबांनी त्यांवर सांबरांची शिंगं टांगली होती. जाताना साहेब शिंगं घेऊन गेले आणि भोकं स्वतंत्र भारताला ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर पाहणीला येणार होते.

पुंजाजीनं सागाचा भुसा सरसात कालवून भोकं बुजवली. मग रंग. काथ आणि काजळी बोटावर घ्यायचा, फळीशेजारी धरायचा, मान हलवायचा, पुन्हा कालवायचा. शेवटी वरून लाखेचा हात दिला. चौकीदार रामधन भिंतीला नाक लावून फिरला, पण त्याला काही सापडलं नाही.

"एक भोक दाखव, मिशी उतरवतो," पुंजाजी म्हणाला. हे तो रिसोडपासून वाशीमपर्यंत प्रत्येक भिंतीपुढे म्हणत आला होता. मिशी वाढतच गेली होती.

रामधनची बायको भुरीबाई दारात उभी होती. "म्या दाखवलं तं?"

"तरीबी उतरवतो, बाई."

ओव्हरसियर साहेब येणार म्हणून भुरीबाईनं सकाळी राखेच्या पाण्यानं फळ्या घासल्या. चिरुटांचा धूर, कंदिलांची काजळी, सगळं बादलीत उतरलं आणि खालून मधाच्या रंगाचा साग निघाला. लाखेखालचा पुंजाजीचा रंग तेवढा पक्का निघाला. भिंत देवीचे काळे वण उठल्यासारखी दिसायला लागली.

"हे एक," भुरीबाई म्हणाली. "हे एक. अन् हे तं चुलीपासून दिसून राह्यलं."

"काहून धुतली भिंत? म्या रंग भिंतीशी जुळवला होता."

"भिंतीशी कुठं, मळाशी जुळवला."

"मळबी सरकारीच होता न, बाई."

रामधननं सुचवलं, "ओल्या गोवऱ्या पेटवू काय? काळी होते पुन्हा."

"घासली कोनं?" भुरीबाईनं विचारलं. गोवऱ्यांचा विषय तिथंच संपला.

पुंजाजीनं मिशीवरून एकदा हात फिरवला. आता ती ठेवली तर पुढच्या प्रत्येक भिंतीपुढे कोणीतरी भुरीबाईचं नाव काढणार होतं. तो उठून गावातल्या न्हाव्याकडे गेला. न्हाव्यानं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

परतला तेव्हा ओव्हरसियर येऊन भिंत पाहत होते. काळ्या ठिपक्यांपुढे ते जरा थबकले.

"साग गाठाळ दिसतो," ते म्हणाले. "पण भोक एकही राहिलेलं नाही. काम उत्तम."

रामधन छताकडे पाहायला लागला. भुरीबाईनं पदर तोंडाला लावला.

"कारागीर कुठे आहे?"

पुंजाजी पुढे झाला. ओव्हरसियरांनी मंजुरीचा कागद पाहिला, तोंड पाहिलं, परत कागद पाहिला.

"हा नव्हे. पुंजाजीला पाठवा."

ओळखीची खूण न्हाव्याच्या अंगणात पडली होती.