हात वाळेपर्यंत

नगरहून दिल्लीला निघालो त्या दिवशी मी हट्टानं आईला माझ्याबरोबरच जेवायला बसवलं. एरवी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. वडील दोन घास खाऊन रिक्षा आणायला गेले होते. मी पिठलं-भाकरी संपवून हात धुतला, तोच बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. आईचं ताट अजून अर्धं भरलेलं होतं. मी तसाच खाली वाकलो आणि तिच्या मांडीला हात लावून नमस्कार केला. तिचा उजवा हात उष्टा. डावा हात आशीर्वादाला चालत नाही. ती क्षणभर गोंधळली. मग उजव्या हाताचं कोपर तिनं माझ्या डोक्याला टेकवलं आणि म्हणाली, "जप." दारातून वळून पाहिलं तेव्हा ती तशीच पाटावर बसलेली होती. समोर माझं रिकामं ताट.

मी स्पॅनिश शिकायला निघालो होतो. नव्वदीची सुरुवात होती. बाजार खुला होणार, परदेशी कंपन्या येणार असं पेपरात रोज छापून यायचं, पण आमच्या गल्लीत त्याचा अर्थ कुणालाच कळत नव्हता. वडील मोटार मेकॅनिक. गॅरेजात कुणी विचारलं तर ते ठोकून द्यायचे, "परराष्ट्र खात्याचं शिक्षण आहे." घरी आल्यावर मला बाजूला घेऊन विचारायचे, "पण स्पेनमध्ये आपलं आहे कोण?" आईचा प्रश्न वेगळा होता. "तिकडची माणसं भात खातात का रे?" मला दोन्हींची उत्तरं माहीत नव्हती. मी अर्ज इतिहासाला केला होता आणि सोबत सहज स्पॅनिशचीही परीक्षा दिली होती. नाव लागलं ते स्पॅनिशच्या यादीत.

दक्षिण दिल्लीतल्या त्या विद्यापीठात पहिल्या तासाला पिलार नावाच्या स्पेनहून आलेल्या बाई वर्गात आल्या. त्यांनी एक अक्षरही इंग्रजी उच्चारलं नाही. टेबलावर हात ठेवून एक शब्द म्हणाल्या, खिडकीकडे बोट दाखवून दुसरा. आम्ही मागून म्हणायचं. माझ्या एका बाजूला दिल्लीच्या बड्या शाळेतली मुलगी, दुसऱ्या बाजूला पाटण्याचा राजेश. इंग्रजीत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटायचा, पण इथे ती मुलगीही माझ्याइतकीच बोबडी होती. राजेश तास संपल्यावर म्हणाला, "अबे यार, हम तो फिर से नर्सरी में आ गए!" मला मात्र हसू आलं नाही. आपल्याला पुन्हा एकदा पहिल्यापासून बोलायला मिळतंय, या विचारानं अंगावर काटा आला होता.

हळूहळू वाक्यं आली, मग पानं, मग गोष्टी. समुद्रापलीकडच्या कुठल्या कोरड्या गावाची कथा वाचताना धूळ थेट आमच्या नगरची उडायची. तिथल्या बायका संतांना नवस बोलायच्या, नवस फेडला नाही म्हणून घाबरायच्या. मी लायब्ररीत पुस्तक मिटून ठेवायचो. इतक्या लांबच्या माणसांना आमच्या घरातलं कसं ठाऊक?

दुसऱ्या वर्षी पिलारबाईंनी निबंध दिला: तुमच्या घरी जेवण संपल्यावर काय होतं? मी लिहिलं, पुरुष हात धुऊन उठतात. आई आणि काकू मात्र ताटावरच बसून राहतात. बोलता बोलता उष्टे हात वाळून कडक होतात, भाताची शितं बोटांवर चिकटून पांढरी पडतात, तरी बोलणं संपत नाही. आमच्याकडे कुणी कुणाशी किती बोललं हे वाळलेल्या हातावरून कळतं. पिलारबाईंनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचला. म्हणाल्या, आमच्याकडे याला नाव आहे, सोब्रेमेसा. जेवण संपल्यानंतर टेबलापाशीच रेंगाळणं, कुणी उठायची घाई न करणं. घर तिथेच घडतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तू? तू कुठे बसायचास?"

मी हात धुऊन उठणाऱ्यांतला होतो. तसं सांगितलं आणि खाली बसलो.

पुढे कंपन्या खरंच आल्या आणि माझी भाषा कामाची ठरली. नोएडा तेव्हा म्हणजे नंबर घातलेले सेक्टर आणि मधूनमधून मोहरीची शेतं. मी मशिनांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं केली, नंतर परदेशी गिऱ्हाइकांशी कसं वागावं हे तरुण पोरांना शिकवू लागलो. अजूनही शिकवतो. "लंच झाल्या झाल्या उठू नका, घड्याळ बघू नका. खरी बात त्यानंतरच सुरू होते." पोरं लिहून घेतात. वडील गेले तेव्हा मी मेक्सिकोच्या पाहुण्यांबरोबर जेवणाच्या टेबलावर होतो. रेंगाळत होतो. तो काटा काढता येत नाही.

म्हणून आईला नोएडाला आणलं तेव्हा ठरवलं, हिला कशाची उणीव भासू द्यायची नाही. माझी बायको मेधा, मुलगी सई, आम्ही तिघं सतत तिच्या दिमतीला. तिचा शेवटचा घास संपतो न संपतो तोच मी ताट उचलायचो. मेधा कोमट पाणी आणायची. सई म्हणायची, "आजी, तू खाल्लं ना? चलो, आता आराम कर." आईला आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नव्हतो. मला वाटायचं, थोडं तरी फिटतंय.

महिनाभरानं आई म्हणाली, "मला नगरला पोचव."

नगरच्या घरी आता ती एकटीच असणार होती. काकूही राहिली नव्हती. मी विचारलं, "काय कमी पडतंय तुला?"

"कमी कुठलं? तुम्ही फार करता."

"मग?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताट फार लवकर उचलता रे. वाटतं, झालं, आता उठावं."

जे शिकवून मी पोट भरतो ते माझ्याच टेबलावर मला दिसलं नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही खाली चटईवर जेवायला बसलो. जेवण झालं. मेधा सवयीनं उठायला लागली, मी तिला खुणेनं थांबवलं. सई म्हणाली, "पापा, हँडवॉश?" मी म्हटलं, "बस जरा." मग आईनं वरण-भातानं माखलेला हात गुडघ्यावर उलटा टेकवला आणि सईला म्हणाली, "तुझा बाप दिल्लीला निघाला ना, त्या दिवशी मी ताटावरून उठलेच नाही."

मला वाटत होतं ती गोष्ट मला माहीत आहे.

"माणूस प्रवासाला निघालं की लगेच त्याचं खरकटं काढू नये. मी उठले असते तर ताटं उचलावी लागली असती. काकू ओरडली, अगं हात बघ, लाकूड झालंय! म्हटलं, होऊ दे. त्याची गाडी सुटू दे आधी."

"फिर?" सईनं विचारलं.

"मग काय? दुपार झाली. तुझे आजोबा स्टेशनवरून आले, म्हणाले गाडी गेली. तेव्हा उठले. आणि मला मेलीला त्यांना जेवायला वाढायचंच सुचलं नाही!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

इतकी वर्षं मी समजत होतो, मी घाईत निघून गेलो आणि ती मागे बसून राहिली. ती बसली होती म्हणून मी नीट पोचत होतो, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. तो हळूहळू पांढरा पडत चालला होता.

तुम्ही जे नगरला राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठल्या तरी सेक्टरात आलात, तुम्हाला मी एवढंच सांगू शकतो: घर कुठे आहे असं कुणी विचारलं की मला आता गावाचं नाव पटकन आठवत नाही, ती चटई आठवते.

"नगरचं तिकीट बघू का?" मी शेवटी भीत भीत विचारलं.

आईनं बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती मिटेनात. कोपरानं मला ढोसून ती म्हणाली, "हात तर वाळू दे आधी नीट." आणि सईकडे वळून दुसरी गोष्ट सुरू केली.